‘वरोनिनी’ ही मालिका नुसती नक्कल नाही

रशियन ‘वरोनिनी’ म्हणजे अमेरिकन ‘एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड’ची नक्कल, असं एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. हक्क रीतसर घेऊन केलेलं ते रूपांतर आहे, यात वाद नाही. पण तीच मालिका पोलंडमध्ये झाली, नेदरलँड्समध्ये झाली, इजिप्तमध्ये झाली, आपल्याकडे हिंदीतही झाली, आणि कुठेच फार टिकली नाही. रशियात मात्र ती मुळापेक्षा जास्त चालली. अमेरिकन मालिका सीबीएसवर १९९६ ते २००५ या काळात २१० भागांची झाली. ‘वरोनिनी’ एसटीएस वाहिनीवर नोव्हेंबर २००९मध्ये सुरू झाली, २०१९मध्ये संपली आणि तोवर भागांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली होती. गोष्टी त्याच असताना एवढा फरक पडतो, तेव्हा तो गोष्टींमुळे पडलेला नसतो. माझं ठाम मत आहे की या मालिकेचा विनोद संवादांपेक्षा तीन गोष्टींत आहे: घराची रचना, माणसं एकमेकांना कशी हाक मारतात ते, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा. तिन्ही गोष्टी तिथल्या मंडळींनी स्वतः घडवल्या आहेत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉस्कोतला क्रीडा पत्रकार कोस्त्या वरोनिन, त्याची बायको वेरा, मुलगी माशा आणि दोन जुळे मुलगे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोस्त्याचे आईवडील, गालिना इवानोव्हना आणि निकोलाय पेत्रोविच. त्यांच्याकडे राहणारा थोरला भाऊ ल्योन्या, नोकरीने पोलीस. पुढे ल्योन्याची बायको म्हणून नास्त्या येते, म्हणजे वेराला जाऊ मिळते. बस, एवढ्यावर दहा वर्षं.

आता घर बघा. अमेरिकन मालिकेत आईवडील रस्त्यापलीकडच्या घरात राहतात. लाँग आयलंडच्या उपनगरात ते शोभतं. आई रस्ता ओलांडते, मागच्या दाराने स्वयंपाकघरात घुसते. हेच मॉस्कोत ठेवलं असतं तर विनोद पहिल्याच हिवाळ्यात मेला असता. तिथे जानेवारीत रस्ता ओलांडायचा म्हणजे जाड कोट, बूट, टोपी, मफलर. समोरच्या घरी पोचलं की दारातच हे सगळं उतरवायचं, बूट काढायचे, घरातल्या सपाता पायात घालायच्या. यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. सुनेने सासूबद्दल वाक्य बोलायला आणि त्याच क्षणी सासूने दारात उभं राहायला एक सेकंद लागला पाहिजे. कोट काढत उभी राहिलेली सासू कुणाला दचकवत नाही. म्हणून रूपांतर करणाऱ्यांनी दोन्ही घरं एकाच मजल्यावर शेजारी ठेवली. आता सासूबाई घरच्या कपड्यांत, घरच्या सपातांत, हातात भांडं घेऊन चार पावलांत हजर होतात. सासरे तर झोपेतून उठून तसेच जेवायला येतात. कागदावर हा एका ओळीचा बदल आहे. त्या ओळीने पुढच्या शेकडो एंट्रींचा वेग ठरवला.

याची दुसरी बाजूही आहे. रस्ता मध्ये असला की नवरा-बायकोला खिडकीतून सावध होता येतं, अमेरिकन मालिकेत ते बऱ्याचदा होतातही. शेजारच्या दाराला खिडकी नसते. दाराला भिंगाचं भोक असतं, पण त्यातून बघण्याआधी घंटी वाजावी लागते, आणि या घरात घंटी कोण वाजवणार? नव्वदच्या दशकापासून तिथल्या शहरांमध्ये घरोघरी जाड पोलादी दारं आणि दोन-दोन कुलपं आली. मालिकेत मात्र ही मंडळी सहज आत येतात. ही वास्तवाशी केलेली तडजोड आहे, आणि ती रशियन प्रेक्षकाला खटकत नाही. घराच्या किल्ल्यांचा एक जुडगा आईकडे असणं तिथे अगदी नेहमीचं. सासूबाई घरात कशा येतात, हा प्रश्न तिकडे कुणाला पडत नाही. प्रश्न पडतो तो त्या परत कधी जाणार याचा.

दुसरी गोष्ट हाक मारण्याची. हे रूपांतराला फुकटात मिळालेलं हत्यार आहे, इंग्रजीत ते नाहीच. अमेरिकन सून सासूला सरळ नावाने, ‘मरी’ म्हणून हाक मारते. रशियन वेरा सासूला पूर्ण ‘गालिना इवानोव्हना’ म्हणते, म्हणजे नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं दुसरं नाव, आणि सोबत आदरार्थी बहुवचन. सासू तिला एकेरीत बोलते आणि लाडाचं ‘वेरोच्का’ वापरते. या दोन हाकांमधलं अंतर हाच अर्धा विनोद. सून कितीही संतापली तरी वाक्याची सुरुवात त्या आठ अक्षरांच्या आदरानेच करावी लागते. तोवर राग अर्धा गिळला जातो, उरलेला अर्धा चेहऱ्यावर दिसतो. सासूच्या बाजूने उलटं: लाडाचं रूप जितकं गोड, तितकी पुढची टोचणी खोल. मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही ‘अहो आई’ म्हणून सुरू झालेलं वाक्य कुठे संपेल याचा नेम नसतो.

याच जोरावर एसटीएसच्याच दुसऱ्या मालिकेने केवढं काम करून घेतलं ते बघण्यासारखं आहे. ‘पापिनी दोच्की’ २००७मध्ये सुरू झाली, ती कुणाचं रूपांतर नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ बाप एकटा पाच मुली सांभाळतो. त्यातली चौथी अतिहुशार, आणि एवढीशी असून तिला अख्खं घर ‘गालिना सेर्गेयेव्हना’ म्हणतं, बापसुद्धा. शाळकरी मुलीला हेडबाईंच्या थाटाची हाक. एकही विनोदी वाक्य न लिहिता प्रत्येक प्रसंगात हसू तयार. ते पात्र केलेली लिझा अर्झामासोवा रशियात घराघरांत ओळखली गेली, त्यात त्या हाकेचा वाटा मोठा आहे.

आता ‘वरोनिनी’तला एक नेहमीचा विनोद कसा जोडला जातो, ते सुटं करून सांगतो. संवाद मी उदाहरणासाठी बनवले आहेत, रचना मालिकेचीच.

सासूबाई आत येतात. त्यांना काहीतरी दिसतं: सूप. त्या चव घेतात आणि कौतुक करतात, “वेरोच्का, आज जवळजवळ जमलंय हं.” हा पहिला टप्पा, आणि ‘जवळजवळ’ हा शब्द अजिबात जोर न देता म्हणायचा असतो. दुसरा टप्पा वेराचा: “थँक यू, गालिना इवानोव्हना.” इथे सभ्यता पूर्ण हवी, उपरोध नको. तिसरा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आणि त्यात शब्द नाहीत. वेरा नवऱ्याकडे बघते, आणि नवरा ताटाकडे बघतो. चौथ्या टप्प्यात निकोलाय पेत्रोविच ताट पुढे सरकवून म्हणतात की कसंही असू दे, आधी वाढा. पाचवा ल्योन्या: त्याला कुणी वाढलेलंच नाही, हे त्याला आत्ता कळतं.

क्रम बदलून पाहा, लगेच बिघडतं. सासरे तिसऱ्या टप्प्याआधी बोलले तर कोस्त्याची पळवाट दिसत नाही, आणि त्याची पळवाट हाच विनोदाचा कणा आहे. वेरा दुसऱ्याच टप्प्यात चिडली तर सासूला दुखावल्याचं सोंग घ्यायला निमित्त मिळतं आणि प्रसंग भांडणाकडे जातो. कौतुकाचं वाक्य टोमण्याच्या सुरात आलं तर सासूबाई दुष्ट ठरतात, आणि त्या दुष्ट ठरल्या की खेळ संपला. गालिना इवानोव्हना खरोखर मदत करते. मुलं सांभाळते, आजारपणात धावते, सगळ्यांना खायला घालते. तिची मदत नाकारता येत नाही म्हणूनच ती सोसवत नाही. आपल्या रोजच्या सासू-सून मालिकांत सासूच्या मनातलं तिच्याच आवाजात ऐकवतात, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर जातो. इथे सासूच्या मनात काय आहे ते कधीच उघड करत नाहीत. तिला स्वतःलाही ते माहीत नसावं, इतक्या निरागसपणे ही भूमिका करणाऱ्या आन्ना फ्रोलोव्त्सेवा ते वाक्य टाकतात.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. रशियन विनोदी किश्शांत सासू म्हटलं की जवळजवळ नेहमी बायकोची आई असते. जावई सांगतो आणि पुरुष हसतात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. ‘वरोनिनी’ने बाजू फिरवली. इथे सोसणारी सून आहे, सासू नवऱ्याची आई आहे, आणि हास्यास्पद ठरतो तो मधला मुलगा. त्या किश्शांवर वाढलेल्या प्रेक्षकाला रोज संध्याकाळी सुनेच्या जागी बसवणं हे लहान काम नाही.

नटांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यातही बोरिस क्ल्युयेव. हे मॉस्कोच्या माली थिएटर या जुन्या नाट्यसंस्थेचे नट, १९६९पासून तिथे. सोव्हिएत काळच्या शेरलॉक होम्स चित्रपटांत मायक्रॉफ्ट होम्स त्यांनी केला, ‘तीन शिलेदारां’च्या संगीतपटात रोशफोर केला. म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यात उंच, ताठ, खानदानी, थंड डोळ्यांचा माणूस. तोच माणूस निकोलाय पेत्रोविच म्हणून ढगळ कपड्यांत फ्रिज उघडून उभा राहतो आणि अत्यंत गावठी वाक्य रंगभूमीच्या शुद्ध उच्चारात बोलतो. शब्दाचं शेवटचं व्यंजनही नीट ऐकू येतं. मोठ्याने ओरडतानाही ते वाक्याचं टोक सोडत नाहीत. आचरट भूमिका आचरटपणे करणारे पुष्कळ, पण या माणसाने ती इभ्रतीने केली, म्हणून म्हातारा कितीही वाह्यात बोलला तरी त्याची किळस येत नाही. क्ल्युयेव १ सप्टेंबर २०२० रोजी गेले. मालिका त्यांच्या आधी संपली होती हे बरं झालं. त्यांच्या जागी दुसरा कुणी बघवला नसता.

गेओर्गी द्रोनोव (कोस्त्या) यांना छोटा अभिनय अंगवळणी होता. त्याआधी त्यांनी ‘साशा + माशा’ ही मालिका केली होती, ती तर दोनच माणसांच्या घरातली. ऐकू न आल्याचा अभिनय ही त्यांची खासियत. आणि ल्योन्या करणारे स्तानिस्लाव दुझ्निकोव यांनी मुळातल्या भावापेक्षा वेगळा माणूस उभा केला. अमेरिकन रॉबर्ट उंच, खोल आवाजाचा, कायम उदास. दुझ्निकोव यांचा ल्योन्या म्हणजे मोठ्या अंगाचं, भुकेलं, रुसलेलं मूल. दुःख तेच, आई धाकट्यावर जास्त माया करते. पण उदासीऐवजी भूक ठेवली की तो प्रत्येक जेवणाच्या प्रसंगात आपोआप येतो, आणि या मालिकेत जेवणाचा प्रसंग नाही असा भाग शोधावा लागेल.

जेवणावरून आठवलं. मूळ मालिकेत डब्याची एक गोष्ट आहे. सासू म्हणते माझा डबा परत कर, सून छातीठोकपणे म्हणते कधीच दिला, आणि मग तो सुनेच्याच घरात सापडतो. ही गोष्ट रशियात न्यायला काही बदलावं लागत नाही, कारण तिथे लोणची आणि मुरंबे तीन-तीन लिटरच्या काचेच्या बरण्यांत घालतात, आणि त्या बरण्या नात्यागोत्यात फिरत असतात. रिकामी बरणी परत न करणं हा तिथेही गुन्हाच. अशा गोष्टी आपोआप रुजतात. इटालियन-अमेरिकन कुटुंबाच्या चर्चवरच्या गोष्टी किंवा थँक्सगिव्हिंगची टर्की रुजत नाही. तिथे नुसता सण बदलून भागत नाही. तो सण घरात कुणाच्या अंगावर किती काम टाकतो, ते जुळवावं लागतं. रशियन घरात ते ओझं नवीन वर्षाच्या रात्री पडतं. ऑलिव्ये सॅलडचं (उकडलेल्या बटाट्यांचं, मेयोनेझ घातलेलं) मोठं पातेलं, दिवसभर कापाकापी, आणि सून कुणाच्या पद्धतीने करणार हा प्रश्न.

मूळ मालिकेचे निर्माते फिल रोझेंथल मॉस्कोला जाऊन या कामात बसले होते, त्यावर २०१०चा ‘एक्स्पोर्टिंग रेमंड’ हा माहितीपटही आहे. त्यातला कपड्यांचा वाद विनोदाचा अभ्यास करणाऱ्याने जरूर बघावा. वेषभूषाकार बाईंना वेरा घर झाडतानाही झकपक कपड्यांत हवी होती, प्रेक्षक बायकांना फॅशन दिसावी म्हणून. रोझेंथल म्हणत होते की घर आवरणारी बाई असे कपडे घालत नाही. यात अडाणीपणा वगैरे नव्हता. त्याआधी एसटीएसवर ‘माझी सुंदर आया’ (२००४पासून) तुफान गाजली होती. मारिऊपोलहून आलेली भडक कपड्यांची, मोठ्या आवाजाची वीका मॉस्कोच्या श्रीमंत निर्मात्याच्या घरात, आणि कपडे हाच तिथला विनोद. टीएनटी या दुसऱ्या रशियन वाहिनीवर ‘श्चास्त्लिवी व्मेस्ते’ होती, येकातेरिनबुर्गच्या बुट-विक्रेत्या बुकिनची, तीही ठसठशीत, अतिरंजित. त्या चालीवर चाललेल्यांना ‘वरोनिनी’ फिकी वाटणं साहजिक होतं. पण झकपक वेराने सूप ढवळलं असतं तर सासूच्या ‘जवळजवळ जमलंय’ने तिला काहीच झालं नसतं. दमलेल्या, साध्या कपड्यांतल्या बाईलाच ते वाक्य लागतं. या मुद्द्यावर मी पूर्ण रोझेंथल यांच्या बाजूने आहे. येकातेरिना वोल्कोवा पुढे वेराच्या भूमिकेत जो थकवा आणतात, तो या मालिकेचा पाया आहे.

हशाचा मुद्दा जरा तांत्रिक आहे. अमेरिकन मालिका समोर प्रेक्षक बसवून शूट होत असे. नट वाक्य टाकतो, हशा चढतो, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य येतं. ती लांबी प्रेक्षक ठरवतात. रशियन सिटकॉम बंद स्टुडिओत, प्रेक्षकांशिवाय शूट होतात आणि हशा नंतर चिकटवतात. मग वाक्यांमधली जागा ठरवतो संकलक. त्याने ती कमी ठेवली तर पुढचं वाक्य हशात बुडतं, जास्त ठेवली तर नट रिकाम्या चेहऱ्याने उभे दिसतात. ‘वरोनिनी’च्या चांगल्या भागांत ही जागा प्रतिक्रियेच्या क्लोजअपने भरलेली असते, म्हणजे हशा चालू असताना आपण कोस्त्याचं ताटाकडे बघणं पाहत असतो. हे जमलं की चिकटवलेला हशा जाणवत नाही. आपल्या नाटकवाल्यांना हे लगेच कळेल, कारण तिथे पॉज नटाच्या हातात असतो. इथे तो काढून घेतलेला आहे, तरी ही मंडळी तो चेहऱ्याने भरून काढतात.

आता जिथे बिघडलं तेही सांगायला हवं. मूळच्या २१० गोष्टी संपल्यावर तिकडच्या लेखकांनी स्वतः लिहायला घेतलं, आणि एसटीएसवर मालिका आठवड्यातून एकदा नव्हे, कामाच्या दिवसांत ओळीने लागायची. एवढ्या मागणीला पुरवठा करताना आधी स्वभाव आटतात. ल्योन्याची भूक ही दुःखाची जागा होती, ती नुसती खादाडी झाली. कोस्त्याचं टाळणं खोटं बोलण्यात बदललं: भागाच्या सुरुवातीला थाप, मध्यावर दुसरी थाप, शेवटी उघडकीस. पैजा, वेषांतरं, गैरसमज वाढले. हे सगळं कुठल्याही चार माणसांत घडू शकतं, त्याला हे कुटुंब लागत नाही. सुरुवातीच्या भागांत गोष्ट एवढीशी असते, फळं भेट दिली किंवा डबा परत केला नाही, आणि ती फक्त याच पाच जणांमुळे मोठी होते. उत्तरार्धात गोष्ट मोठी आणि माणसं लहान झाली. मुलं वाढली, त्यांच्याकडून वेगळा विनोद मिळाला असता, तोही फारसा घेतला नाही.

आपल्याकडचं रूपांतर म्हणजे स्टार प्लसवरची २०१५ची ‘सुमित संभाल लेगा’. दिल्लीचं पंजाबी कुटुंब, आईच्या भूमिकेत आपल्या भारती आचरेकर, वडील सतीश कौशिक. काही महिन्यांतच बंद पडली. आचरेकरबाई अशा सूक्ष्म कामात किती पक्क्या आहेत हे ‘वागळे की दुनिया’पासून सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे नटांत कमी नव्हती. माझ्या मते रोज संध्याकाळी भरजरी नाट्याच्या रांगेत अशी बारीक मालिका ठेवली की प्रेक्षकाला तिचा वेग पकडायला वेळच मिळत नाही. एसटीएसवर तिच्या आजूबाजूला विनोदीच मालिका होत्या, घराची सवय झालेली होती. मराठीत कुणी हे करायचं ठरवलं तर चाळ नको, तिथे सगळीच दारं उघडी असतात. एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट घ्या, एक मुलाचा आणि एक आईवडिलांचा, पुण्याच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत मिळतील.

ज्यांना रशियन शिकायचं आहे, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारे किंवा वैद्यकीय शिक्षणाला तिकडे जाणारे, त्यांनी ही मालिका जरूर बघावी. वाक्यं आखूड, शब्द घरगुती, विषय तेच तेच. पहिल्या हंगामापासून क्रमाने बघा, मधून सुरू करू नका, कारण विनोद आधीच्या भागांतल्या कुरबुरींवर उभा असतो. एकदा रशियन उपशीर्षकांसह बघा आणि कोण कुणाला कोणत्या रूपात हाक मारतं ते वहीत लिहून काढा. मग तोच भाग आवाज बंद करून, फक्त वेरा आणि कोस्त्याकडे लक्ष ठेवून. स्वयंचलित भाषांतराच्या इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबू नका. ती ‘गालिना इवानोव्हना’ आणि ‘वेरोच्का’ या दोन्ही हाका बऱ्याचदा गाळून टाकतात, आणि मग सूप जवळजवळ जमल्याच्या वाक्यावर हशा का पडला तेच कळत नाही.